प्रश्नावली गावात नेण्याआधी

चि. ...,
अ. उ. आ.

राजकीय पक्ष आणि स्त्री-पुरुष समानतेबद्दलची मतं यांवरच्या तुझ्या प्रश्नावलीचा मसुदा वाचला. ‘स्त्री-पुरुष समानता मान्य आहे का?’ हा प्रश्न आधी काढून टाक. सगळे ‘हो’ म्हणतील आणि हाती काही लागणार नाही.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३०,००० प्रौढांना विचारलं. बाई आणि पुरुष सारखेच चांगले राजकीय नेते होतात, असं ५५ टक्के म्हणाले. १४ टक्क्यांनी तर बायकाच सरस ठरवल्या. त्याच पाहणीत बायकोने नवऱ्याचं नेहमी ऐकावं, याला ८७ टक्क्यांचा होकार! चावडीवरचं मत वेगळं आणि उंबऱ्याच्या आतलं वेगळं. दोन्हींची बेरीज करून एकच ‘पुरोगामी गुण’ काढलास, तर नेमकं हेच झाकलं जाईल. घर, नोकरी, राजकारण यांवर प्रत्येकी तीन-चार विधानं ठेव आणि गुण वेगळे मोज. सगळी विधानं एकाच सुरातली असली की लोक नुसती मान डोलावतात, म्हणून निम्मी उलटी लिही.

पक्ष तोंडी विचारू नकोस. ‘लोकनीती’ या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत नकली मतपत्रिका आणि डबा देतात, तसंच कर. डावं-उजवं तर नकोच. हमीभाव, आरक्षण असे ठोस मुद्दे विचार. बाईची मुलाखत बाईनेच घ्यावी. सासू किंवा नवरा ऐकत बसला असेल तर कागदावर तशी खूण हवी. सरपंचबाईंच्या घरी हमखास ‘साहेब’च उत्तरं द्यायला पुढे येतील, त्यांना चहाला बाहेर काढ.

६०० जणांच्या नमुन्यात अंदाजाची चूक साधारण ±४ टक्के, पण चार पक्ष आणि स्त्री-पुरुष अशी आठ गटांत फोड केलीस की एका गटात ७५ उरतात आणि चूक ११ वर जाते. तेवढ्यावर ‘अमक्या पक्षाचे पुरुष असेच’ म्हणू नये. एका गावातली माणसं एकमेकांसारखीच बोलतात. म्हणून २० गावांत प्रत्येकी ३० जणांपेक्षा ४० गावांत प्रत्येकी १५ बरे.

आणि पक्षामुळे मत बनलं, असं लिहिण्याआधी वय, शिक्षण, जात तपास. कारण शोधायचंच असेल तर पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला अभ्यास बघ. तिथे फिरत्या आरक्षणामुळे काही पंचायतींना बाई प्रधान (म्हणजे सरपंच) मिळाली, गावकऱ्यांचं मत काहीही असो. संशोधकांनी गावकऱ्यांना एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं. बाईचा कारभार पाहिलेल्या गावांत पुरुषांनी बाई नेत्याला कमी लेखणं जवळजवळ थांबलं होतं, पुरुष नेत्याची आवड मात्र तशीच होती.

‘सांगता येत नाही’ला वेगळा रकाना दे. त्याला मधलं उत्तर धरलंस, तर गप्प बसलेल्या बायका तटस्थ म्हणून मोजल्या जातील.