फुलांची टीकोझी: आधी अंगाला बसू दे, मग फुलू दे

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. विणलेली फुलं मान टाकतात, टीकोझी (चहा गरम राहावा म्हणून टीपॉटवर घालायचं आवरण) टीपॉटच्या कानापाशी अडकते, लोकर कोणती घ्यावी ते ठरत नाही, आणि जिला भेट द्यायची त्या मैत्रिणीच्या टीपॉटचं माप माहीत नाही. सुलट-उलट येतं, टाके घालता-मिटवता येतात असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावर हे सगळं नीट जमतं, त्यामुळे निर्धास्त राहा.

फुलांच्या टीकोझीत सगळ्यांचा जीव फुलांत असतो आणि खालचं अंग कसंबसं उरकलं जातं. मी उलट्या क्रमाने जाते. अंग जाड, घट्ट आणि मापात असलं तर साधी पाच फुलंही शोभून दिसतात. अंग सैल असेल तर फुलांच्या वजनाने सगळी टीकोझी एका बाजूला घसरते आणि चहाही लवकर निवतो. म्हणून आधी अंगाबद्दल सविस्तर लिहिते.

लोकर शक्यतो खरी, मेंढीची घ्या. चहा गरम राहतो तो विणीत अडकून राहिलेल्या हवेमुळे, आणि खऱ्या लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा भरपूर अडकते. शिवाय टीपॉटमधून वाफ सतत येत असते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिकही चालतं, रंग सुंदर मिळतात आणि धुवायला सोपं, पण ते आचेजवळ वितळतं. टीकोझी कुठलीही असो, ती घातलेला टीपॉट शेगडीवर ठेवायचा नाही. अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत शेगडीच्या शेजारीही नको. सुती धागा मात्र अंगासाठी टाळा. तो जड असतो, ऊब कमी धरतो आणि चार दिवसांत ओघळतो.

मध्यम जाडीची, म्हणजे डीके लोकर दोन पदर एकत्र धरून ५.५ मिमीच्या सुयांवर विणा (जुन्या मापाने ५ नंबर). साधारण १०० ग्रॅममध्ये अंग होतं. वीण गार्टर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुलटच. ही वीण कडेला वळत नाही, दोन्हीकडून सारखी दिसते, आणि तिच्या उंचसखल रेघांमध्ये हवा छान धरली जाते. आधी २० टाक्यांचा चौकोनी नमुना विणून मधल्या १० सेमीमध्ये किती टाके येतात ते मोजा. माझ्या हाताला १६ येतात. तुमच्या हाताला १४ किंवा १८ आले तर पुढचे आकडे त्याप्रमाणे बदला. नमुना टाळू नका, कानापाशी अडकण्याचा प्रश्न बहुतेक वेळा इथेच सुटतो.

माप असं घ्यायचं. टीपॉटच्या सगळ्यात फुगीर भागाभोवती टेप फिरवा, कान आणि तोटी वगळून. समजा ४८ सेमी आलं. वीण ताणली जाऊन अंगासरशी बसायला हवी, म्हणून त्यातून साधारण दहावा भाग कमी करा, म्हणजे ४३ सेमी. टीकोझी दोन सारख्या तुकड्यांत विणायची, म्हणजे एक तुकडा २१.५ सेमीचा. सेमीला १.६ टाके या हिशेबाने ३४ टाके, आणि शिवणीत जाणारे दोन कडांचे दोन, एकूण ३६.

३६ टाके घालून पहिल्या ६ ओळी एक सुलट, एक उलट अशी रिब करा. ही पट्टी टीपॉटच्या बुडाला धरून राहते. मग गार्टर सुरू करा आणि टीपॉटचा खांदा जिथे आत वळायला लागतो तिथपर्यंत सरळ विणत जा. तळापासून खांद्यापर्यंतचं अंतर टेप पोटावरून फिरवून मोजा, फूटपट्टी उभी धरून मोजलंत तर टीकोझी आखूड पडेल. १२ सेमी आलं तर रिब धरून सुमारे ३८ ओळी होतात.

खांद्याला पोचलात की टाके कमी करायचे. ४ सुलट, २ एकत्र, असं सहा वेळा केलं की ३० उरतात. मग ३ ओळी साध्या. पुढे ३ सुलट, २ एकत्र. परत ३ साध्या ओळी. असं करत २४, १८, १२ आणि शेवटी सगळेच दोन-दोन एकत्र करून ६ टाके. पुष्कळ ठिकाणी मध्ये एकच साधी ओळ सांगतात. तसं केलं तर माथा घाईने आवळला जातो, झाकणावर चुण्या पडतात आणि टीकोझी वर ओढली जाऊन खालून टीपॉट उघडा पडतो. तीन ओळींनी माथा पसरट, झाकणाच्या अंगाचा होतो. दुसरा तुकडाही असाच. शेवटी दोन्हींच्या १२ टाक्यांतून बोथट सुईने लोकर ओवून आवळा आणि दोनदा फिरवून पक्की करा.

काहीजणी झाकणाची मूठ बाहेर यावी म्हणून माथ्याला भोक ठेवतात. मी ठेवत नाही. सगळ्यात जास्त ऊब वरूनच जाते. मूठ आत राहू द्या. वर येणाऱ्या त्या उंचवट्याभोवती फुलं फार छान बसतात.

आता कान आणि तोटी. दोन्ही तुकडे टीपॉटवर उभे धरून टाचण्यांनी जोडा आणि मगच शिवा. तोटीच्या बाजूला खाली तोटी सुरू होते तिथपर्यंत आणि वर तोटीच्या माथ्यापासून पुढे शिवण घाला. कानाच्या बाजूला फक्त वरची शिवण घाला. खालच्या भागात शिवणीऐवजी एक बटण आणि समोरच्या कडेला लोकरीचा फास करा. मग टीकोझी डोक्यावरून कोंबावी लागत नाही. कानाच्या बाजूने उघडायची, तोटी आत सरकवायची, खाली बटण लावायचं. तुमची टीकोझी अडकते ती दोन्ही बाजू खाली शिवून टाकल्यामुळे, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तसं असेल तर पूर्ण उसवायची गरज नाही, कानाखालची तेवढी शिवण सोडवा.

आता फुलं. ती मान टाकतात याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: अंगासाठी वापरलेल्या जाड सुयांवरच फुलं विणली जातात. फुलांसाठी तीच डीके लोकर एकपदरी घ्या आणि सुया ३.२५ मिमीच्या, म्हणजे १० नंबर. हाताला वीण जरा कडक लागली पाहिजे. पाकळीला तार घालू नका, आणि फुलं गरम गोंदाने चिकटवूही नका. टीपॉटच्या उष्णतेने तो गोंद परत मऊ पडतो आणि फूल सुटून येतं.

गुलाब सगळ्यात सोपा. २० टाके घालून २ ओळी विणा, एक सुलट, एक उलट. तिसऱ्या ओळीत प्रत्येक टाका पुढून आणि मागून असा दोनदा विणा, ४० होतील. चौथी ओळ उलट. पाचव्या ओळीत पुन्हा प्रत्येकाचे दोन, ८०. सहावी उलट, आणि सातवीत सैल हाताने मिटवा. लोकरीचं शेपूट लांब ठेवा. आता हातात एक झालरीसारखी पट्टी असेल, एक कड आखूड आणि दुसरी लहरत गेलेली. आखूड कड खाली धरून एका टोकापासून गुंडाळत जा, सुलट बाजू बाहेर ठेवून. या विणीची वरची कड नेहमी सुलट बाजूकडे वळते, त्यामुळे ती बाहेर असली की पाकळ्या आपसूक बाहेर उमलतात. उलट बाजू बाहेर आली तर कडा आत वळून फूल मिटल्यासारखं दिसतं. पहिले दोन वेढे घट्ट, पुढचा सैल, आणि प्रत्येक वेढ्याला बुडाशी सगळ्या थरांतून एकेक टाका घाला. वरच्या अंगाला सुई लावायची नाही. पट्टी तीच, पण सुरुवात १२ टाक्यांनी केली तर कळी होते. दोन गुलाबांमध्ये एक कळी फार गोड दिसते.

पांढरी डेझी किंवा शेवंती करायची तर ८ टाके घाला, ७ मिटवा. उरलेला एक टाका डाव्या सुईवर घ्या, त्याच्या शेजारी ७ नवे घाला, परत ७ मिटवा. प्रत्येक वेळी एक बारीक, लांबट पाकळी तयार होते. डेझीला दहा-बारा पाकळ्या पुरतात. शेवंतीला वीसेक करा आणि गुंडाळून दोन थरांत बसवा. पाकळ्यांच्या बुडांतून लोकर ओवून आवळली की वर्तुळ होतं. मध्ये पिवळ्या लोकरीची इवलीशी गोळी शिवा.

पान ३ टाक्यांपासून सुरू करा. १ सुलट, लोकर पुढे (म्हणजे सुईवर वेढा घेऊन एक टाका वाढवायचा), १ सुलट, लोकर पुढे, १ सुलट, म्हणजे ५ टाके. परतीची ओळ साधी. असंच मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना वाढवत ७ आणि ९ करा, मग एकाआड एक ओळीत दोन्ही कडांना २-२ एकत्र करत परत ३ वर या आणि तिन्ही एकत्र करून संपवा. परतीच्या ओळीही सुलटच विणा. उलट विणल्या तर पानाच्या कडा मागे वळून त्याची सुरळी होते. वाढवताना पडलेल्या बारीक भोकांची ओळ पानाच्या शिरेसारखी दिसते.

मांडणी करताना टीकोझी टीपॉटवर चढवूनच फुलं टाचण्यांनी लावा. टेबलावर सपाट ठेवून शिवलं तर वीण ताणल्यावर सगळं खेचलं जातं. आधी पानं, मग मोठी फुलं, शेवटी कळ्या आणि बारीक फुलं फटींमध्ये. फुलं सगळ्या अंगावर विखुरलेली मला आवडत नाहीत. माथ्यावर एकत्र घोस आणि त्यातला थोडासा भाग कानाच्या बाजूला उतरलेला, ही माझी आवडती मांडणी. तोटीच्या बाजूला पाकळी येऊ देऊ नका. ओतताना थेंब ओघळतो तो तिथेच, आणि पांढऱ्या पाकळीवरचा चहाचा डाग सहज जात नाही. हात जिथे धरतो ती जागाही मोकळी ठेवा. फूल फक्त मध्यावर शिवा, पाकळ्या सुट्या राहू द्या. पान बुडाशी आणि शिरेवर. लोक कौतुकाने फुलांना धरूनच टीकोझी उचलतात, म्हणून मधल्या फुलाचा टाका माथ्याच्या आवळलेल्या जागेतून आरपार न्या.

रंगांबद्दल एकच सांगते: अंगाला मळकट हिरवा किंवा राखाडी घ्या, फुलांना एकाच रंगाच्या दोन-तीन छटा आणि सोबत थोडा पांढरा. लाल, जांभळा असे गडद रंग असतील तर लोकरीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग जात असेल तर ते फूल या टीकोझीवर नको, इथे वाफ रोजची आहे.

ही एक झाली की पुढे कधीतरी चुण्यांची टीकोझी जरूर विणा. त्यात दोन रंग घेऊन गार्टरमध्ये ६ टाके एका रंगाचे, ६ दुसऱ्याचे विणतात आणि न वापरलेली लोकर आतल्या बाजूने मुद्दाम घट्ट ओढत नेतात. सुलट ओळीत ती कामाच्या मागे असते, परतीच्या ओळीत आपल्या समोर घ्यायची, म्हणजे सगळे ओढलेले धागे आतच राहतात. त्या ओढीने प्रत्येक पट्टा बाहेर फुगतो आणि शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये खोल घडी पडते. घड्यांमुळे जाडी जवळपास दुप्पट होते, आणि आत हवेच्या नळ्याच तयार होतात, म्हणून ही टीकोझी फार ऊबदार असते. माथ्याशी पट्टे एकत्र येतात तेव्हा एकही फूल न शिवता सगळी टीकोझीच डेलियाच्या मिटलेल्या कळीसारखी दिसते. रुंदी मात्र बरीच आक्रसते, त्यामुळे नमुनाही चुण्यांचाच विणून मोजा.

धुताना थंड किंवा जेमतेम कोमट पाणी, सौम्य साबण, आणि चोळायचं नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. उष्णता, पाणी आणि घर्षण एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि वीण आटून जाड कापडासारखी होते. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पालथ्या वाडग्यावर चढवून सावलीत वाळवा आणि ओली असतानाच पाकळ्या बोटांनी उमलवून ठेवा.

आता मैत्रिणीच्या टीपॉटचं माप. सहज विचारता येत असेल तर विचारा. भेटीचं गुपित राखायचं असेल तर कान-तोटीची भोकं असलेला हा प्रकार सोडा आणि घुमटासारखी, वरून झाकायची टीकोझी करा. तिला भोकं नसतात, चहा ओतताना ती उचलून ठेवायची असते, त्यामुळे माप थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. एक तुकडा ३२ सेमी रुंद आणि साधारण २६ सेमी उंच धरा, म्हणजे वरच्या हिशेबाने ५४ टाके. टाके कमी करणं १७ सेमीपासून सुरू करा. ५४ लाही सहाने भाग जातो. पहिल्यांदा ७ सुलट, २ एकत्र, मग ६ सुलट, २ एकत्र, असं उतरत जा. मध्ये इथेही तीन साध्या ओळी ठेवा, कारण एकच ठेवली तर माथा घाईने आवळला जातो. दोन्ही बाजू तळापर्यंत शिवा. ही टीपॉटला घट्ट धरून बसत नाही, म्हणून आतून जाड फ्लीसचं अस्तर लावा आणि फुलांचा घोस बरोबर मध्यावर ठेवा, म्हणजे ती कलणार नाही. माथ्याला, घोसाच्या मधोमध, बोट जाईल एवढा लोकरीचा फास शिवून द्या, म्हणजे उचलताना फुलांवर ओढ येणार नाही.