डिस्ट्रिब्युटरखालून ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: २००१ ची होंडा सिटी १.५, मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, आणि रोज सकाळी पेव्हर ब्लॉकवर रुपयाएवढा ऑइलचा डाग पडलेला असतो. एका गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारून सांगितलं की गिअरबॉक्सकडची क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) सील गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दुसरा म्हणाला, अख्खा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने स्पार्क पोचवणारा भाग, बदला. शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी गाडी मिस करते, म्हणजे मधेच झटके खाते. यातलं कुणाचं खरं मानायचं, असं तुम्ही विचारताय.

आत्ता कुणाचंच मानू नका. दोघांनीही ऑइल पडतंय कुठे ते बघितलंय, येतंय कुठून ते बघितलेलं नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये, म्हणजे १९९८ ते २००३ च्या सिटीत, डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला आडवा बसवलेला असतो आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याला थेट फिरवतो. म्हणजे त्याचं नाक हेडच्या आत, ऑइलमध्ये असतं. त्याच्या बरोबर खाली रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) आणि त्याखाली गिअरबॉक्सचं घर. वरून सुटलेला थेंब होजवरून ओघळतो, गिअरबॉक्सच्या सांध्याशी येऊन थांबतो आणि तिथून जमिनीवर पडतो. खालून बघणाऱ्याला तो सांधाच ओला दिसतो, आणि त्याचं निदान तिथेच ठरतं.

मी यातून गेलोय. २००९ मध्ये माझ्या सिटीचा गिअरबॉक्स याच कारणासाठी उतरवला. दोन दिवस गाडी गॅरेजमध्ये, क्रँकची नवी सील, क्लच प्लेटही ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणून बदलली. चौथ्या दिवशी सकाळी डाग पुन्हा त्याच जागी. फार वाईट वाटलं, कारण त्या महिन्यात तो खर्च सोपा नव्हता. मग परळच्या एका गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी वर उचलली नाही की पाना हातात घेतला नाही. बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरच्या खालून उजव्या हाताचं मधलं बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाचं पेर ताज्या, सोनेरी ऑइलने चमकत होतं. खालचं सगळं ऑइल काळं आणि धुळीने चिकट, हे मात्र स्वच्छ. ‘जिथे स्वच्छ, तिथून सुरुवात,’ एवढंच बोलले. ते वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही.

तेव्हा तुम्ही आधी हे करा. इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्युटर, त्याखालचा होज आणि गिअरबॉक्सचा वरचा भाग कार्ब क्लीनर आणि वेस्टने (सुती चिंध्यांनी) स्वच्छ पुसून घ्या. रबरी होजवर क्लीनर मारू नका, तिथे साबणाचं पाणी वापरा. सगळं कोरडं झालं की साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरवा. मग ठाण्यापर्यंत जाऊन या, इंजिन नीट तापू दे. परत आल्यावर दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा घेऊन टॉर्चच्या उजेडात बघा. पांढऱ्या पावडरीत ऑइलची वाट स्पष्ट उमटलेली असते.

वाट जर डिस्ट्रिब्युटरच्या वरून, हेड कव्हरच्या कोपऱ्यातून सुरू होत असेल तर दोष हेड कव्हरच्या पॅकिंगचा. या इंजिनात त्या कोपऱ्यातून लिकेज नेहमीचं आहे, आणि डिस्ट्रिब्युटर बिचारा फुकट बदनाम होतो. वाट जर डिस्ट्रिब्युटर आणि हेड यांच्या फटीतून, खालच्या बाजूला सुरू होत असेल तर बाहेरची ओ-रिंग (रबराची गोल कडी) गेली. आणि त्यानंतर, काहीही सापडलं तरी, कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) उघडून आत बघाच.

हे आत बघणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण डिस्ट्रिब्युटरला ऑइल अडवणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक ती बाहेरची ओ-रिंग, जी नाकाभोवती खाचेत बसते. दुसरी आतली, शाफ्टवरची ऑइल सील. बाहेरची गेली तर ऑइल बाहेर ओघळतं, गाडी चालायला काही होत नाही. आतली गेली तर ऑइल कॅपमध्ये शिरतं, रोटरवर (आत फिरून स्पार्क वाटणाऱ्या तुकड्यावर) उडतं, कार्बनच्या भुकटीत कालवलं जातं आणि मग गाडी मिस करायला लागते. पावसाळ्यात, हवेतच पाणी असताना, जास्तच. तुमची गाडी मिस करते म्हणून मला आतल्या सीलचाही संशय आहे.

कॅप काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि प्लग वायरींवर चिकटपट्टीने १, २, ३, ४ असे नंबर टाका. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना स्पार्क मिळण्याचा क्रम) १-३-४-२ आहे, पण पट्टी असली की डोक्यावर भिस्त ठेवावी लागत नाही. कॅप आतून कोरडी असेल तर आनंदाची गोष्ट, फक्त ओ-रिंगचं काम. ओली असेल तर सील. आणि तिथे लालसर, गंजासारखी बारीक पावडर दिसली तर शाफ्टचं बेअरिंग झिजतंय. रोटर बोटांत धरून हलवून बघा, वर-खाली प्ले (सैलपणा) लागला तर शंका उरत नाही. अशी गाडी मग फिरवू नका. बेअरिंग जाम झालं की स्पार्क बंद आणि गाडी जिथे असेल तिथे थांबते, मग ती ईस्टर्न एक्सप्रेसची मधली लेन का असेना.

आता ओ-रिंगचं काम. हे घरी होतं, तासाभराचं आहे. डिस्ट्रिब्युटर तीन बोल्टांवर असतो, १२ चा पाना लागतो. खालचा बोल्ट हाताला अवघड जातो, त्यासाठी लांब एक्स्टेन्शन ठेवा. बोल्ट सैल करण्याच्या आधी, हे विसरू नका, डिस्ट्रिब्युटरच्या कानावरून हेडवर जाईल अशी एक बारीक रेघ सुईने किंवा टोकदार खिळ्याने ओढा. बोल्टांची भोकं लांबट असतात, त्यातच टाइमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) सरकतं. ती रेघ म्हणजे तुमचं आत्ताचं टाइमिंग.

वायरिंगचे कनेक्टर काढा, होजवर जाड फडकं टाका, कारण नाक बाहेर येताना थोडं ऑइल सांडतंच. डिस्ट्रिब्युटर चिकटून बसला असेल तर डावी-उजवीकडे पिळत ओढा, लाकडाने हलके ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम आहे, एक ओरखडा पडला की नवी ओ-रिंगही तिथून गळेल. जुनी ओ-रिंग खाचेतून काढायलाही लोखंड नको, कुल्फीची काडी तासून घ्या. माझी निघाली तेव्हा ती रिंग राहिलीच नव्हती. नखाने दाबली तर टिचकन तुटली, आणि तुटलेला तुकडा गोल नव्हता, चक्क चौकोनी होता. वर्षानुवर्षं उष्णतेत दबून रबराचा आकारच खाचेसारखा झालेला. अशी कडक झालेली रिंग तापल्यावर-थंडावल्यावर धातूबरोबर हलत नाही, म्हणून ऑइल वाट काढतं. दोष डिस्ट्रिब्युटरचा नसतोच. अख्खा बदला म्हणणाऱ्याला हे एकदा दाखवावंसं वाटतं.

नवी रिंग होंडाच्या पार्ट नंबरवर मिळाली तर उत्तम, ओपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्यांकडे विचारा. नाही मिळाली तर डिस्ट्रिब्युटरच सोबत घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे ओ-रिंग आणि ऑइल सीलची दुकानं ओळीने आहेत. तुटक्या रिंगवरून माप घेऊ नका, ती ताणलेली किंवा दबलेली असते. खाचेची रुंदी आणि नाकाचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्या. रबर कोणतं ते ठासून विचारा. नायट्राइल ऑइलला चालतं, पण सतत १०० अंशांच्या वर तापलं की हळूहळू कडक होतं. व्हायटन महाग, पण २०० अंशांपर्यंत टिकतं. फरक थोड्या रुपयांचा आहे, व्हायटनच घ्या. ईपीडीएम मात्र चुकूनही नको, खनिज तेलात ते फुगतं. तुमचा रेडिएटर होज बहुधा त्याच जातीचा असतो. ऑइलने भिजलेला होज बोटांनी दाबा. मऊ, फुगीर लागला तर याच वेळी बदला. तो फाटला तर कूलंट जाईल आणि हेड तापेल, आणि ते दुखणं ओ-रिंगपेक्षा कितीतरी मोठं.

बसवताना नव्या रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा. शाफ्टच्या टोकाची कपलिंग मध्यापासून किंचित सरकवलेली असते, म्हणून ती कॅमशाफ्टच्या खाचेत एकाच बाजूने बसते. रोटर हळूहळू फिरवत डिस्ट्रिब्युटर हाताने आत सरकवा, तो टेकल्याचं हाताला कळतं. टेकला नाही तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, कान तुटेल. रेघेला रेघ जुळवा, मग बोल्ट आवळा. हेडमधले आटे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, तेव्हा छोटी रॅचेट घ्या आणि जोर मनगटाचाच ठेवा.

आतल्या सीलचं काम वेगळं. ते अवघड आहे, पण अशक्य नाही. रोटर एका छोट्या स्क्रूवर असतो. स्क्रू खाली लपला असेल तर इंजिन थोडं फिरवून वर आणावा लागतो. पुढे कपलिंगवरची स्प्रिंग काढून पिन पंचने बाहेर काढायची आणि शाफ्ट उतरवायचा. कपलिंग आणि शाफ्ट दोघांवर मिळून खूण करा. कपलिंग उलटीही बसते, आणि तसं झालं तर रोटर अर्धा फेरा चुकीचा उभा राहतो आणि गाडी सुरूच होत नाही. सीलच्या अंगावर माप छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. स्प्रिंगची बाजू इंजिनच्या ऑइलकडे ठेवायची. शाफ्ट बाहेर आलाच आहे तर बेअरिंगही बदला, पुन्हा कोण उघडणार? व्हाइस आणि प्रेस नसेल तर हे काम डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या, मात्र सुटा डिस्ट्रिब्युटर न्या, गाडी नाही. बॉडीच खराब निघाली तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळतो. तिथे शाफ्टचा प्ले बघा, कनेक्टर आपल्याशी जुळवा, दिसायला सारखा म्हणून घेऊ नका.

कॅप आणि रोटर आतून क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवा. कॅपच्या आत दोन टोकांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर स्पार्कने तिथे कार्बनची वाट करून ठेवली आहे. ती घासून जात नाही, कॅप नवी घ्या. सकाळी पावसात मिस होण्याचं अर्धं कारण माझ्या गाडीत तीच रेघ होती.

एक जण तुम्हाला नक्की सांगेल की बाहेरून सिलिकॉन लावा, खर्च वाचेल. कृपा करून लावू देऊ नका. बाहेरून लावलेलं ऑइलवर चिकटत नाही, आणि फटीत लावलेलं दाबलं की त्याची शेवयांसारखी कड आत हेडमध्ये निघते, तुटते आणि ऑइलबरोबर खालच्या ऑइल चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या जाळीवर बसते. वीस रुपयांच्या लिकेजसाठी इंजिनचं ऑइल प्रेशर पणाला लावायचं नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्हही (क्रँककेस, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा) बघा. इनटेक मॅनिफोल्डजवळ असतो. काढून कानाजवळ हलवला तर आत खुळखुळ वाजायला हवं. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब सीलच्या कमकुवत जागा शोधतो, आणि आज बसवलेली ओ-रिंगही लवकर ओली होते. मुंबईत तास-तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह चिकटलेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

सगळं झाल्यावर टाइमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून टाइमिंगची खूण दाखवणारा दिवा) लावून घ्या, रेघ जुळली असली तरी. डॅशबोर्डखालचा दोन पिनचा सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करून मगच वाचायचं, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतः टाइमिंग हलवत राहतो आणि खुणेवर विश्वास ठेवता येत नाही.

इथे वाचणाऱ्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० च्या मालकांसाठी एवढंच: तुमचा डिस्ट्रिब्युटर तिरप्या दात्यांच्या गिअरवर चालतो, त्यामुळे बाहेर ओढताना रोटर थोडा फिरतो. काढायच्या आधी आणि बाहेर आल्यावर, दोन्ही वेळी रोटरचं तोंड कुठे होतं त्याची खूण करा, नाहीतर एक दात चुकतो.

तुम्ही रविवारी कॅप उघडून आतला फोटो काढा, चांगल्या उजेडात, रोटर आणि कॅप शेजारी ठेवून. कोरडं दिसलं तर रिंग आणि होज घेऊन काम उरकून टाका आणि आठवडाभर खाली पुठ्ठा ठेवून बघा. लाल पावडर दिसली तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि मला कळवा. परळचे ते मिस्त्री आता काम करत नाहीत, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्याकडे तुमचा डिस्ट्रिब्युटर मी स्वतः घेऊन जाईन.