पगार 30 हजारांनी कमी, काम मनासारखं: ही नोकरी घ्यावी का?

प्रश्न: वय 31, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये टीम लीड. आमच्या प्रॉडक्ट मॅनेजर बाळंतपणाच्या रजेवर होत्या, तेव्हा सहा महिने त्यांचं काम मी पाहिलं. बँकेच्या शाखांत जाऊन कर्मचाऱ्यांशेजारी बसणं, कुठलं फीचर आधी हे ठरवणं, दोन फीचर्स तर रद्दच करायला लावणं. आपलं काम हेच, हे तेव्हा उमगलं. आता एका स्टार्टअपकडून याच पदाची ऑफर आहे. हातात 1,12,000 ऐवजी 82,000 येतील, वर ईसॉप (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क). गृहकर्जाचा हप्ता 41,000, घरखर्च 34,000, आई-वडिलांना 8,000, एसआयपी 20,000. एफडीत 6 लाख. सध्याच्या कंपनीत चार वर्षं दोन महिने झालीत, मूळ पगार 52,000. वडिलांना मधुमेह आहे, ते कंपनीच्याच आरोग्य विम्यात आहेत. काय करू?

उत्तर: दोन फीचर्स रद्द करायला लावलीत, हे वाचून मला बरं वाटलं. प्रॉडक्ट मॅनेजरला कितीतरी वेळा 'हे आत्ता नको' म्हणावं लागतं, तेही ज्यांचा तो साहेब नाही अशा लोकांना. ते करूनही काम आवडलं असेल, तर आवडीची परीक्षा झाली. त्यासाठी कर्ज काढून एमबीए करायच्या फंदात पडू नका.

आता हिशोब. तुमचा अटळ खर्च 83,000, नवा पगार 82,000. म्हणजे एसआयपी पूर्ण थांबणार आणि दरमहा हजार रुपये एफडीतून जाणार. त्या 6 लाखांतले 5 लाख हा सहा महिन्यांचा आणीबाणीचा निधी, त्याला हात लावायचा नाही. उरतो 1 लाख. गाडी दुरुस्तीला गेली किंवा घरात एखादं लग्न निघालं, की तोही संपला.

ईसॉप मी घरच्या हिशोबात शून्य धरतो. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे शेअर विकायला गिऱ्हाईक लागतं. शिवाय ते घेताना बाजारमूल्य आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक पगार समजून त्यावर कर लागतो, हातात पैसा आलेला नसताना. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो. तुमची कंपनी त्यात आहे का, आणि नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात, हे लेखी विचारा.

आणखी एक गोष्ट ऑफरच्या उत्साहात निसटलेली दिसते. सध्याच्या कंपनीत तुम्हाला चार वर्षं दोन महिने झालीत. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी. तुमचा मूळ पगार 52,000, म्हणजे मूळ पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले पाच वर्षं या सूत्राने सुमारे 1,50,000 रुपये. दहा महिने आधी निघालात तर त्यावर पाणी.

म्हणून आधी स्वतःच्याच कंपनीत हे पद मागा, आहे त्या पगारावर. सहा महिन्यांचं काम पुराव्याला आहे, बाहेरची ऑफरही आहे. याहून चांगली वेळ येणं कठीण. महिनाभरात ठोस उत्तर आलं नाही, तर स्टार्टअपला सांगा: ईसॉप कमी करा, हातात 92,000 द्या. त्यात घर भागून 9,000 ची एसआयपी चालू राहते. तेवढं मिळालं तर ग्रॅच्युइटी सोडूनही जा, असंच मी म्हणेन. 82,000 वरच अडले, तर मी जाणार नाही.

वडिलांना मधुमेह आहे आणि ते तुमच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आहेत. नव्या ठिकाणी पालकांना संरक्षण नसेल, तर राजीनाम्याआधीच सध्याच्या विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची चौकशी करा.