व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओसाठी घरगुती एएम प्रक्षेपक कसा बांधावा?

म्हापशाच्या घरातील आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओवर मोबाइलमधील नाट्यगीते ऐकवता येतील का, असे आपण विचारले आहे. येतील. त्यासाठी १ मेगाहर्ट्झचा तयार क्रिस्टल ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेची लहर निर्माण करणारा भाग) घ्यावा आणि त्याला मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यावरच लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून मोबाइलचा ध्वनिसंकेत मिसळावा. मोबाइलचा आवाज मात्र मध्यम ठेवावा, कारण मॉड्युलेशन, म्हणजे आवाजानुसार लहरीची उंची बदलण्याचे प्रमाण, शंभर टक्क्यांपुढे गेले की तबल्याच्या प्रत्येक थापेला आवाज फाटतो. ऑसिलेटरमधून चौकोनी लहर निघत असल्याने ३ आणि ५ मेगाहर्ट्झवरही तिचे पडसाद उमटतात. ते दाबण्यासाठी सुमारे २५० मायक्रोहेन्रीचे कॉइल आणि १०० पिकोफॅरडच्या आसपास फिरणारा ट्रिमर (फिरवून जुळवायचा कपॅसिटर) यांचे जुळवलेले सर्किट पुढे जोडावे. छपरावर अँटेना मुळीच ताणू नये, कारण आपल्याकडे प्रक्षेपणाला परवाना लागतो. या सर्किटला जोडलेल्या तारेचे काही वेढे रेडिओच्या मागे ठेवले तरी पुरते. मुख्य काळजी निराळीच आहे: वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या संचांच्या चासीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) थेट विजेचा दाब असू शकतो, म्हणून तिला तार कधीही जोडू नये. गोव्याच्या दमट हवेत जुन्या रेडिओतील कागदी कपॅसिटरमधूनही वीज गळू लागते. ते आधी तपासून घ्यावेत.