डब्यावर १००० एमबी लिहिलेली एसएसडी ४० वर का अडकते?

तुम्ही विचारलंय की नव्या एसएसडीच्या (डेटा साठवायच्या वेगवान ड्राइव्हच्या) डब्यावर सेकंदाला १००० एमबी छापलंय, पण कॉपी करताना आकडा ४० च्या पुढे सरकत नाही, तर ड्राइव्ह खराब निघाली का? परत करायची घाई नको. आधी केबल कुठली लावलीय ते बघा. फोनच्या चार्जरची असेल, तर चोर सापडला.

मीही हेच करून बसलो होतो. सोबत आलेली केबल वीतभर, म्हणून ती खणात टाकली आणि चार्जरची लांब केबल लावली. दोन्ही टोकांना टाइप-सी, नीट बसली, ड्राइव्हही दिसली. मग शंका यायची कशाला?

टाइप-सी हे फक्त तोंडाचं नाव. सॉकेटमध्ये २४ पिना असतात खऱ्या, पण चार्जिंगच्या बहुतेक केबलींत डेटासाठी यूएसबी २.० ची, म्हणजे यूएसबीच्या जुन्या, संथ आवृत्तीची, तारांची एकच जोडी असते. तिची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून आठाने भागा, ६० मेगाबाइट, म्हणजे एमबी. त्यातून दोन्हीकडच्या बोलाचालीचा खर्च गेला की हातात ३५-४० उरतात. तुमचा आकडा तोच.

पूर्ण क्षमतेच्या केबलीत वेगवान डेटासाठी आणखी चार जोड्या असतात. जोडीतल्या एका तारेवरचं व्होल्टेज वर गेलं की दुसरीवरचं खाली जातं, आणि पलीकडची चिप फक्त दोघींतला फरक वाचते. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, त्यामुळे तो वजाबाकीत उडतो. ही युक्ती यूएसबी २.० मध्येही आहे, पण तुमच्या ड्राइव्हला लागणाऱ्या सेकंदाला १० गिगाबिट वेगाला एका बिटाच्या वाट्याला १०० पिकोसेकंदच येतात (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). तेवढ्यात सिग्नल केबलीतून जेमतेम दोन सेंटिमीटर जातो! जोडीतली एक तार काही मिलिमीटर लांब राहिली तरी ताल चुकतो. वर, वेग वाढला की सिग्नल तांब्यात लवकर विरतो. म्हणून या वेगाच्या साध्या केबली साधारण मीटरभरच असतात. वीतभर केबल हा कंपनीचा कंजूषपणा नव्हता तर.

नवी घ्यायची झाली तर ‘१० जीबीपीएस’ (म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट) लिहिलेली घ्या. नुसतं ‘६० वॉट’ किंवा ‘२४० वॉट’ हे चार्जिंगचं झालं.

आणि लॅपटॉपच्या निळ्या, चौकोनी पोर्टात लावत असाल तर झटक्यात आत घाला. त्यात जुने चार आणि नवे पाच संपर्क असतात. रेंगाळत घातली, तर कधी कधी जुने चार आधी जुळतात आणि कम्प्युटर २.० वरच समाधान मानतो. अंधश्रद्धा वाटेल, पण करून बघा.