सोलापूरच्या थंडीत गिअरबॉक्सचा आवाज: उतरवण्याआधी काय तपासावे

आपण लिहिले आहे की ९० हजार किलोमीटर चाललेली आपली मॅन्युअल गिअरची डिझेल गाडी डिसेंबरपासून सकाळी सुरू केल्यावर न्यूट्रलमध्ये घरघरते, पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना करकरते, होटगी रस्त्याने दहा-बारा मिनिटे चालल्यावर दोन्ही आवाज थांबतात, आणि मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला आहे. माझ्या मते ती वेळ अजून आलेली नाही. हे दोन आवाज एकाच बिघाडाचे आहेत असे धरून चालणे मला घाईचे वाटते.

आधी थंडीविषयी. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आपल्याकडे पहाटे पारा १२ ते १५ अंशांवर येतो. ८०डब्ल्यू-९० या गिअर ऑइलमधील '८०डब्ल्यू' ही थंडीतल्या जाडीची श्रेणी उणे २६ अंशांवरील चाचणीने ठरते, त्यामुळे सोलापूरच्या थंडीने चांगला गिअरबॉक्स बिघडत नाही. मात्र हेच तेल १०० अंशांवर जितके पातळ असते त्याच्या सुमारे दहापट घट्ट ४० अंशांवर असते आणि १५ अंशांवर त्याहूनही कितीतरी घट्ट होते. झिजलेला किंवा तेल कमी पडलेला भाग म्हणूनच सकाळी आवाज करतो.

दुसऱ्या गिअरची करकर बहुधा सिंक्रोची आहे. सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांची गती सारखी करते. त्यासाठी मधला तेलाचा थर क्षणात बाजूला सरावा लागतो. तेल घट्ट असेल तर तो वेळेत सरत नाही, गती जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. आपल्या गावात याला आणखी एक कारण असते. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो म्हणून "जाड तेल टाका, गिअर टिकतील" असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या जुन्या गाडीत एका गॅरेजने मे महिन्यात याच विचाराने ८५डब्ल्यू-१४० हे जास्त जाड तेल भरले होते. त्या उन्हाळ्यात काही जाणवले नाही. जानेवारीत मात्र सकाळी दुसरा गिअर पडेना, आणि सिंक्रो बदलण्याच्या खर्चाचा आकडाही माझ्या हातात आला होता. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल भरल्यावर तक्रार संपली. आपल्या गाडीत शेवटचे तेल कोणते पडले, हे बिलावरून पाहावे. तेलाची जाडी आणि जीएल श्रेणी (दातांवरचा दाब सोसण्यासाठी तेलात घातलेल्या रसायनांनुसार ठरणारी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तिकेत जीएल-४ असताना जीएल-५ भरू नये, कारण त्यातील जास्त प्रमाणातली गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने काही गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगांना मानवत नाहीत.

आता घरघर. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी कंपाउंडच्या भिंतीलगत सुरू करावी, हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये काच खाली करून ऐकावे, म्हणजे भिंतीवरून आवाज स्पष्ट परत येतो. मग क्लच पूर्ण दाबावा. दाबताच घरघर थांबली तर आवाज गिअरबॉक्सच्या आत, बहुधा इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गती आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा आहे, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर जातो. तिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असला तरी त्याचे पोट उघडण्याची गरज नसते, आणि बिलात हा फरक फार मोठा असतो. क्लचने काहीच बदलत नसेल तर इंजिनाच्या बाजूला शोध घ्यावा. चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढणारा आणि वळणावर बदलणारा गुणगुणाट बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो; आपल्या वर्णनात तो नाही, म्हणून तो सोडून देतो. रिव्हर्समध्ये येणारी शिट्टीही सोडून द्यावी. बहुतेक गाड्यांत त्या गिअरचे दात सरळ असतात, त्यामुळे तो आवाज नेहमीचाच.

घरघर आतली निघाली तरी आधी तेलाची पातळी पाहावी. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये वरच्या बेअरिंगपर्यंत तेल फक्त फिरत्या दातांनी उडून पोहोचते. चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून थोडे थोडे गळत राहिले, की उरलेले घट्ट तेल सकाळी वर पोहोचायला वेळ लावते आणि बेअरिंग तेवढा वेळ कोरडे घरघरते. सील ओलसर दिसत असेल तर माझा पहिला संशय यावरच. गाडी सपाट जागी घेऊन, तेल भरायचा वरचा बोल्ट आधी सुटतो याची खात्री करूनच तेल काढायचा खालचा बोल्ट सोडावा. तेल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट अडकला तर गाडी तिथेच उभी राहते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर चिंता नाही. लोखंडाचे तुकडे बोटाला टोचले तर मेकॅनिकचे म्हणणे मान्य करावे. तेलात सोनेरी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगची झीज.

क्लचच्या चाचणीत काय घडले, चुंबकावर काय निघाले आणि बिलावर कोणते तेल लिहिले आहे, एवढे कळवावे. तोवर सकाळचे पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जबरदस्तीने न टाकता न्यूट्रलवर क्षणभर थांबून टाकावा.