पैसे घेऊन सायबर हल्ला करून देणाऱ्या साइट पोलीस कायमच्या बंद का करू शकत नाहीत?

बंद करतात की! पण डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) जप्त होणं म्हणजे या धंद्याची नुसती पाटी उतरणं. मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो, त्यामुळे नको त्या डेटाचा मारा करून सर्व्हर बंद पाडणारे असले भाड्याचे हल्ले अधूनमधून झेलावे लागतात.

ते ओळखूही येतात. आम्ही कधी विचारलेच नाहीत अशा प्रश्नांची उत्तरं लाखोंनी येऊन आदळतात, कधी डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) 53 नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे दारातून, कधी एनटीपीच्या (घड्याळं जुळवणारी सेवा) 123 वरून. कोणीतरी पाठवणारा म्हणून आमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा नंबर) खोटाच टाकून या सेवांना ते प्रश्न विचारलेले असतात. आणि 300 सेकंद भरले की सगळं चिडीचूप. गिऱ्हाइकाचा प्लॅन तेवढाच! पलीकडे बऱ्याचदा गेममध्ये हरून चिडलेला एखादा पोरगा असतो.

वेबस्ट्रेसर ही साइट महिन्याला 15 युरोपासून ही सोय द्यायची. एप्रिल 2018 मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनच्या पोलिसांनी पुढाकार घेऊन ती बंद पाडली, तेव्हा तिच्याकडे 1,36,000 हून जास्त खाती होती आणि तिच्यावरून 40 लाख हल्ले झालेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात एफबीआयने 15 डोमेन जप्त केली, डिसेंबर 2022 मध्ये 48. हल्ले काही आठवडे कमी होतात, मग नव्या नावाने जैसे थे. वर हे साइटवाले 'आम्ही लोड टेस्टिंग (सर्व्हर किती ताण झेलतो याची चाचणी) करतो' म्हणून मिरवतात. सर्व्हर तुमचाच आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरा घाव बसतो तो गल्ल्यावर. 2015 च्या सुमारास संशोधकांनी यांची पेपॅल (ऑनलाइन पैसे घ्यायची-द्यायची सेवा) खाती हुडकून दिली आणि पेपॅलने ती गोठवली. बिटकॉइनचा रस्ता उघडा होता, पण त्या वेळी किती पोरांकडे बिटकॉइन असणार?

दुसरा उपाय गिऱ्हाइकाला घाबरवण्याचा. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने डिसेंबर 2017 पासून सहाएक महिने गूगलवर जाहिराती दिल्या. अशी सेवा शोधायला गेलं की 'हा गुन्हा आहे' असं समोर यायचं. केंब्रिजच्या संशोधकांनी आकडे तपासले, तर त्या काळात ब्रिटनवरच्या हल्ल्यांची वाढ थांबलेली, अमेरिकेत मात्र चालूच. 2023 मध्ये तर या एजन्सीने कबूलच केलं की आम्ही स्वतः अशा खोट्या साइट चालवतोय. नाव नोंदवलं की माहिती थेट तपास अधिकाऱ्यांकडे! मला हे फार आवडलं.

राहता राहिले ते खोटे पत्ते. अशा पत्त्याचे पॅकेट (डेटाचे तुकडे) नेटवर्कमधून बाहेर पडतानाच अडवावेत, अशी शिफारस 2000 सालीच झालेली आहे. पण अडवण्याचा खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा, म्हणून कित्येक नेटवर्कांनी ते अजून मनावर घेतलेलं नाही.